नवीन शिक्षकांना पहिल्या वर्षी सांभाळून घेणं: नेमकं काय करावं, काय टाळावं?

फळा-खडू (धागाकर्ता)

नव्या सत्रात तीन नवे शिक्षक रुजू होताहेत आणि त्यांच्यासाठी मेंटॉरची व्यवस्था लावायची आहे. "काही अडलं तर विचारा हं" याच्या पुढे जाणारं काहीतरी हवंय, कारण तेवढ्यावर कुणी विचारायला येत नाही हे इथं सगळ्यांनाच ठाऊक आहे. कच्चा आराखडा असा:

१. प्रत्येक नव्या शिक्षकाला एक ज्येष्ठ शिक्षक मेंटॉर.
२. आठवड्यातून एकदा, शाळा सुटल्यावर अर्धा तास भेट.
३. महिन्यातून एकदा मेंटॉरने पूर्ण तास बसून पाठनिरीक्षण.
४. सत्राअखेर मेंटॉरचा अहवाल मुख्याध्यापकांकडे.

यात कुठं माती खाल्ली जाईल ते सांगा. तत्त्वं नकोत. किती मिनिटं, कोणता कागद, कोणतं वाक्य, असं सांगितलंत तर उपयोग.

निळी शाई

चौथा मुद्दा आधी खोडा. ज्याचा अहवाल वर जाणार त्याच्यासमोर कुणी "सातवी ब हाताबाहेर चाललीय" असं कबूल करणार नाही. मग मेंटॉरला दिसतात फक्त सजवलेले तास, आणि खरी अडचण कळते ती पालकांची तक्रार आल्यावर.

मूल्यमापन लागणारच, त्याला ना नाही. पण ते करणारी व्यक्ती वेगळी ठेवा. इंग्लंडमध्ये २०२१ पासून नव्या शिक्षकांसाठी दोन वर्षांची व्यवस्था आहे, तिच्यात मेंटॉर आणि प्रगतीचं मूल्यमापन करणारा इंडक्शन ट्यूटर या दोन वेगळ्या भूमिका आहेत. मुख्याध्यापकांना मेंटॉरकडून दोनच गोष्टी कळाव्यात: भेटी ठरल्याप्रमाणे झाल्या का, आणि शाळेकडून काय हवंय (खोली, साहित्य, तास कमी करणं). भेटीत काय बोलणं झालं ते तिथंच राहील. अपवाद एकच, मुलांच्या सुरक्षिततेचा. हा अपवाद पहिल्या भेटीतच तोंडी सांगून टाकायचा, म्हणजे पुढं विश्वासघात वाटत नाही.

तिसऱ्या मुद्द्याबद्दल: महिन्यातून एकदा पूर्ण तास बसण्यापेक्षा दर आठवड्याला १५ मिनिटं बसा. पूर्ण तास बसलं की तो 'पाठ' होतो, त्याची तयारी आदल्या रात्रीपासून सुरू होते. १५ मिनिटांत रोजचा तास दिसतो. पण ही १५ मिनिटं दर वेळी वेगळी हवीत: एकदा तासाची सुरुवात, एकदा मधला भाग, एकदा शेवट. शेवटची दहा मिनिटं सहसा कुणी बघतच नाही आणि गृहपाठ, घंटा, दप्तरं यांचा सगळा घोळ तिथंच होतो.

वेळापत्रकवाला

दुसऱ्या मुद्द्यावर माझं घोडं अडलंय. 'शाळा सुटल्यावर' ठेवलेली भेट तिसऱ्या आठवड्यापर्यंत टिकत नाही. कुणाला बस गाठायची असते, कुणाला घरी लहान मूल असतं, कुणाला जादा तास असतो. भेट शाळेच्या वेळेत, वेळापत्रकात छापलेली हवी. काम कंटाळवाणं आहे पण सगळं यावरच उभं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वेळापत्रक आखताना बाकीचे तास भरण्याआधी मेंटॉर आणि नव्या शिक्षकाचा सामाईक मोकळा तास पहिला टाकायचा. सगळं भरल्यावर शोधायला गेलात तर मिळत नाही. त्या चौकटीत 'रिकामा' लिहायचं नाही, विषयासारखं 'मा' (मार्गदर्शन) लिहायचं. रिकामी चौकट दिसली की गैरहजर शिक्षकाचा बदली तास तिथं पडलाच समजा. आठवड्याचा पहिला दिवस आणि रोजचा पहिला तास टाळा, बदली तास तिथंच जास्त लागतात.

तास किती कमी करायचे? इंग्लंडमध्ये पहिल्या वर्षी १० टक्के आणि दुसऱ्या वर्षी ५ टक्के अध्यापन कमी करतात. आठवड्याला ३० तास असतील तर पहिल्या वर्षी ३ सुटतात: एक भेटीला, एक दुसऱ्याचा वर्ग बघायला, एक तयारीला. एवढे जमत नसतील तर एक तरी सोडवाच. मेंटॉरचाही एक तास सोडवा, नाहीतर तो पदराला खार लावून किती दिवस करेल?

आता याहून महत्त्वाचं. नव्या माणसाच्या वाट्याला काय येतं? ज्येष्ठांनी आपापलं निवडून झाल्यावर उरलेलं. पाचवीचं विज्ञान, सातवीचा भूगोल, आठवीचं गणित, वर कार्यानुभव. तास भरले २६, कागदावर 'कमी भार'. पण वेगवेगळ्या तयाऱ्या झाल्या चार. तास मोजू नका, तयाऱ्या मोजा. पहिल्या वर्षी दोनच्या वर नकोत. एकाच इयत्तेच्या दोन-तीन तुकड्या दिल्या तर तोच पाठ पुन्हा घेता येतो. त्या दोन तासांमध्ये एक मोकळा तास बसवता आला तर फारच उत्तम. सातवी अ मध्ये फसलेली सूचना सातवी ब मध्ये तासाभरातच सुधारून बघता येते. मेंटॉरने पहिला तास बघितला, मधल्या तासात बोलणं झालं आणि लगेच दुसरा तास, यासारखं शिकणं दुसरं नाही.

आणि नव्या शिक्षकाला स्वतःचा वर्ग नसेल, दर तासाला खोली बदलायची असेल, तर निदान सगळ्या खोल्या एका मजल्यावर द्या. खडू, डस्टर, चार्ट, वह्यांचा गठ्ठा घेऊन जिने चढणारा माणूस वर्गात पोचतो तोवर वर्ग आपलं आपलं सुरू झालेला असतो.

मधली सुट्टी

वेळापत्रकवाले सरांना अनुमोदन, तयाऱ्या मोजण्याच्या मुद्द्याला तर दुप्पट.

पहिल्या दिवसाआधीचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. नव्या शिक्षकाचे पहिल्या आठवड्यातले निम्मे प्रश्न शिकवण्याचे नसतातच. ते इतके बारीक असतात की विचारायची लाज वाटते. म्हणून एक पानी कागद आधीच हातात द्यावा. त्यावर काय असावं:

- घंटांच्या वेळा. पावसाळी किंवा परीक्षेच्या दिवसांत बदलत असतील तर त्याही.
- हजेरी कधी आणि कुठं नोंदवायची, उशिरा आलेल्या मुलाचं काय करायचं.
- मूल आजारी पडलं, पडून लागलं, तर कुणाला हाक मारायची. नाव आणि खोली दोन्ही लिहा.
- झेरॉक्स किती दिवस आधी द्याव्या लागतात, कागदाला मर्यादा आहे का.
- किल्ल्या, प्रोजेक्टरची वायर, खडूची पेटी कुठं असते.
- स्वतःला रजा हवी असेल तर कुणाला, किती वाजेपर्यंत कळवायचं, आणि वर्गासाठी काम कुठं ठेवायचं.
- प्रश्नपत्रिका, गुण, प्रगतिपुस्तकं यांच्या वर्षभराच्या तारखा.
- मुलाला वर्गाबाहेर पाठवण्याबद्दल, फोन जप्त करण्याबद्दल शाळेचा नियम काय.

हा कागद मागच्या वर्षी रुजू झालेल्या शिक्षकाकडून लिहून घ्या. ज्येष्ठांना यातलं काय माहीत नसू शकतं हे सुचतच नाही.

शिवाय वर्गाची नावांची यादी आणि बसण्याचा आराखडा पहिल्या दिवशीच द्या. नावं वर्गशिक्षकाकडून एकदा मोठ्यानं वाचून घ्यावीत. पहिल्याच हजेरीला नाव चुकीचं उच्चारलं की हशा पिकतो आणि तिथून वर्ग सावरणं जड जातं.

तिसरा बाक

पाठनिरीक्षणात काय टिपायचं यावर लिहितो, कारण बहुतेक ठिकाणी तो तक्ता असतो ना, 'विषयज्ञान: चांगले, फलकलेखन: समाधानकारक', त्यानं कुणाचंही काही भलं होत नाही. मत लिहू नका, घडलं ते लिहा. तीन साधे प्रकार आहेत, एका वेळी एकच घ्यावा.

पहिला: शिक्षकाची वाक्यं वेळेसकट जशीच्या तशी. उदाहरणादाखल एका गणिताच्या तासाची अशी नोंद धरा:

१०:४२ "चला, वह्या काढा."
१०:४२ "पान ३४ उघडा. उघडलं का?"
१०:४३ (११ जणांसमोर अजून वही नाही) "तिसरं उदाहरण. थांबा, दुसरं कुणाचं राहिलंय?"
१०:४४ "शांत बसा."
१०:४५ मागच्या बाकांवरून: "कितवं पान?" शिक्षक: "शांत!"
१०:४७ पहिल्या मुलानं लिहायला सुरुवात केली.

हे वाचून कुणीही म्हणेल, वर्गाला शिस्त नाही. पण नोंद नीट बघा. पहिली सूचना पुरी व्हायच्या आत दुसरी, मग तिसरी, मग तिसरी मागे घेतली. मागच्या बाकावरचा मुलगा दंगा करत नव्हता, त्याला पान ऐकू आलं नव्हतं. शिस्तीचा वाटणारा प्रश्न सूचनेचा निघाला. उपाय: पान आणि उदाहरणाचा आकडा आधी फळ्यावर लिहायचा, वह्या निघेपर्यंत थांबायचं, मग एकदाच बोलायचं आणि नंतर १० सेकंद गप्प उभं राहून वर्गाकडे बघायचं. त्या १० सेकंदांत बोलायचा मोह आवरत नाही, सगळी मेख तिथं आहे.

दुसरा प्रकार: बसण्याच्या आराखड्यावर खुणा. कुणाला प्रश्न विचारला, कुणी आपणहून हात वर केला, कुणाच्या बाकापाशी शिक्षक गेले. १५ मिनिटांत नकाशा तयार होतो. बहुतेकदा खुणा पहिल्या दोन रांगांत आणि फळ्याच्या एकाच बाजूला दाटलेल्या दिसतात. नकाशा समोर ठेवला की वेगळं काही बोलावं लागत नाही.

तिसरा: प्रश्न विचारल्यावर किती सेकंद थांबलं जातं. अमेरिकी शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात हे मोजलं होतं. शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत होते, आणि ते तीन सेकंदांवर नेलं की मुलांची उत्तरं लांबत होती, जास्त मुलं बोलत होती. लक्षात घ्या, थांबण्याच्या जागा दोन आहेत: प्रश्नानंतर आणि मुलाच्या उत्तरानंतर. दुसरी जागा सगळेच विसरतात. उत्तर आलं की लगेच "छान" म्हटलं की बाकीच्यांचा विचार तिथंच थांबतो. मेंटॉरनं मनात 'एक हजार एक, एक हजार दोन' मोजत टिपलं तरी पुरे, घड्याळ लागत नाही.

फळा-खडू

हे फार कामाचं आहे. अहवालाचा मुद्दा काढून टाकला. तिसरा बाक सर, ही नोंद दाखवल्यावर बोलणं कसं करायचं? "तुम्हाला स्वतःला तास कसा वाटला?" इथून सुरुवात करावी असं प्रशिक्षणात सांगतात.

निळी शाई

त्या प्रश्नाबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. पहिल्या सहा-आठ आठवड्यांत तो प्रश्न विचारू नये. नव्या शिक्षकाला उत्तर देण्याइतकं दिसलेलंच नसतं. मग "बरा झाला" किंवा "फार वाईट झाला ना?" ही दोनच उत्तरं येतात. अमेरिकी शिक्षणसंशोधक फ्रान्सिस फुलर यांनी १९६९ मध्ये मांडलं होतं की नव्या शिक्षकाची काळजी आधी स्वतःबद्दल असते (मला जमेल ना, मुलं मला मानतील ना), मग कामाबद्दल आणि मुलांच्या शिकण्याबद्दल शेवटी. पहिल्या टप्प्यावरच्या माणसाला आरसा दाखवून काय मिळणार? त्याचं लक्ष वहीकडे न्या.

२० मिनिटांच्या भेटीचा साचा असा ठेवता येईल:

पहिली ५ मिनिटं: त्या तासाच्या पाच वह्या समोर. चांगली एक, मधल्या तीन, कोरी एक. "यांना काय कळलंय असं दिसतं?" इथं वहीवर बोलायचं असतं, म्हणून मान खाली घालावी लागत नाही.
पुढची ५: नोंदीतला एकच तुकडा एकत्र वाचणं.
पुढची ८: पुढच्या तासासाठी एकच बदल ठरवून तो *उभं राहून करून बघणं*. बोलून नाही. खरोखर फळ्यापाशी जाऊन, त्याच शब्दांत, मेंटॉर मुलगा होऊन बाकावर बसलेला. पहिल्यांदा दोघांनाही हसू येतं, येऊ द्या. तीन वेळा म्हटलेलं वाक्य वर्गात आठवतं, ठरवलेलं आठवत नाही.
उरलेली २: लिहून ठेवणं. कोणता वर्ग, कोणता वार, कोणतं वाक्य.

"सूचना स्पष्ट द्या" हा बदल नव्हे. "बुधवारी सातवी ब मध्ये, पान क्रमांक फळ्यावर लिहून झाल्यावरच 'पुस्तकं उघडा' म्हणायचं" हा बदल. पुढच्या भेटीत तेवढंच बघायचं, दुसरं कितीही खटकलं तरी. ज्येष्ठांना हेच जड जातं. दिसतात पंधरा गोष्टी आणि सांगायची एक.

ओळखीची घंटा

निळी शाई ताई, थोडी असहमती. सरळ सांगण्याची सवय लागली की नवा शिक्षक मेंटॉरची नक्कल होतो. ज्याचा आवाज मुळात बारीक आहे त्याला दणदणीत आवाजाच्या माणसाची पद्धत कशी चालेल?

निळी शाई

म्हणून मुदत घातली ना. सुरुवातीला सरळ सांगायचं, साधारण दुसऱ्या सत्रापासून प्रश्नावर यायचं. आणि सांगताना पद्धत द्या, लकब देऊ नका. 'बोलायच्या आधी वर्ग शांत होईपर्यंत थांबणं' ही पद्धत आहे, बारीक आवाजालाही चालते. उलट बारीक आवाज असेल तर जास्तच चालते.

मधली सुट्टी

आणि ते "सगळं छान झालं, फक्त..." बंद करा बाई एकदाचं. ऐकणारा 'फक्त'ची वाट बघत बसतो. कौतुक करायचं तर तेही नोंदीतून: "१०:५१ ला तिनं चुकीचं उत्तर दिल्यावर तुम्ही 'कसं काढलंस?' विचारलंत, आणि तिनं स्वतःच चूक शोधली." असं सांगितलं तर तो माणूस ते पुन्हा करेल. 'छान'मधून नेमकं काय पुन्हा करायचं?

तिसरा बाक

वर्गनियंत्रणावर आणखी थोडं, कारण नवे शिक्षक मेंटॉरकडे पहिल्यांदा येतात ते यासाठीच. जेकब कूनिन यांचं १९७० चं संशोधन इथं उपयोगी पडतं. गडबड झाल्यानंतर शिक्षक काय करतात, यावरून नीट चालणारे आणि न चालणारे वर्ग वेगळे काढता येत नव्हते. फरक गडबडीच्या आधीच्या गोष्टींत होता: सगळ्या वर्गावर नजर असणं, एका वेळी दोन गोष्टी सांभाळणं, तासाचा ओघ न तुटणं. तेव्हा "शिक्षा काय करू?" असा प्रश्न आला की मेंटॉरनं "गडबडीच्या आधीच्या दोन मिनिटांत काय चाललं होतं?" इकडे वळवावं.

ओघ तुटतो तो ठरलेल्या जागी. वह्या वाटताना, गट करताना, एक विषय संपून दुसरा सुरू होताना, वर्गाकडे पाठ करून फळ्यावर लांबलचक लिहिताना. गट करण्याचंच घ्या. "चार-चारचे गट करा" म्हटलं की ४० मुलं एकदम उठतात. क्रम उलटा करा: आधी काम सांगा, मग वेळ सांगा, मग कोण कुठं बसणार ते सांगा, आणि उठायची खूण अगदी शेवटी. शक्य असेल तर समोरच्या बाकावरच्यांनी फक्त मागे वळायचं, म्हणजे कुणी उठतच नाही.

मेंटॉरसाठी एक सक्त नियम: वर्ग कितीही गोंगाट करो, मागून उठून "ए, गप्प बसा!" करायचं नाही. त्या एका ओरडण्यानं मुलांना कळतं की खरे शिक्षक मागे बसलेत. मदत हवी असेल तर आधी ठरवलेली खूण ठेवा. नव्या शिक्षकानं टेबलावर डस्टर उभा ठेवला तर मेंटॉर एखाद्या बाकापाशी जाऊन हळूच वही बघायला लागेल, एवढंच. मारामारी, इजा असलं काही असेल तर अर्थात नियम बाजूला.

वेळापत्रकवाला

वह्या तपासण्याचा हिशोब कुणी मांडतच नाही. तीन तुकड्या, ४० मुलं, म्हणजे १२० वह्या. एका वहीला तीन मिनिटं धरली तरी ३६० मिनिटं, सहा तास. आठवड्यातून एकदा. हे घरी जातं, रविवारी होतं, आणि मग नवा माणूस जानेवारीत का कोमेजतो म्हणून आपण आश्चर्य करतो.

उपाय: एका दिवशी एका तुकडीच्या एक-तृतीयांश वह्या. सगळं वाचायचं, पण शेरा एकाच प्रश्नावर लिहायचा, आणि कोणता ते गृहपाठ देतानाच ठरवलेलं असावं. नेहमीच्या चुकांना खुणा ठरवून त्याचा तक्ता वर्गात लावायचा, म्हणजे तेच वाक्य तीसदा लिहावं लागत नाही. किंवा वह्यांचे तीन ढीग करायचे (कळलंय, अर्धवट, नाही कळलं) आणि शेरे न लिहिता दुसऱ्या दिवशी पहिली दहा मिनिटं मधल्या ढिगाची चूक फळ्यावर सोडवायची. कित्येकदा हेच जास्त उपयोगी.

ओळखीची घंटा

यात भर: पहिल्या परीक्षेआधी मेंटॉर आणि नव्या शिक्षकानं त्याच दहा उत्तरपत्रिका वेगवेगळ्या तपासाव्यात. गुण उत्तरपत्रिकेवर न लिहिता वेगळ्या कागदावर, मग ताडून बघायचं. पाचपैकी एकाचे साडेचार आणि दुसऱ्याचे अडीच निघाले की खरी चर्चा होते: अर्धवट पायरीला किती, एकक लिहिलं नाही तर किती. नवे शिक्षक बहुधा पहिल्या वीस पेपरांना कडक आणि शेवटच्या वीसांना सैल तपासतात. त्यावर तोडगा म्हणजे पेपरवार न तपासता प्रश्नवार तपासणं: सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा.

टाचणाबद्दलही (तासाआधी लिहून ठेवायची पाठाची आखणी) दोन ओळी. नवे शिक्षक टाचणात आपण काय बोलणार ते पानभर लिहितात, मुलं काय करतील ते कुठंच नसतं. उलटं लिहायला लावा. तासाच्या शेवटी मुलाला कोणता प्रश्न सोडवता यायला हवा, तो प्रश्न आधी. मग वाटेत विचारायचे तीन प्रश्न, शब्दशः. प्रत्येकाला येऊ शकणारं एक चुकीचं उत्तर, आणि ते आलं तर पुढं काय. एवढं असेल तर बाकीचं दोन ओळींत आटोपलं तरी चालतं. मेंटॉरनं आपलं जुनं टाचण जरूर द्यावं, पण समासात 'इथं अडकतात' अशा खुणा करून. कोरं टाचण म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा शर्ट.

मधली सुट्टी

वर्ग बघण्याबद्दल राहिलं. नव्यांना "जा, अमक्यांचा तास बघून ये" म्हणून पाठवतात आणि ते "फार छान शिकवतात" एवढं घेऊन परत येतात. १९७५ मध्ये समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी दाखवलं होतं की शिक्षक होण्याआधीच माणसानं विद्यार्थी म्हणून सुमारे १३,००० तास शिक्षकांना बघितलेलं असतं. बघणं काही कमी पडलेलं नसतं. दिसलेलं नसतं ते त्यामागचं ठरवणं. म्हणून जाताना एकच प्रश्न देऊन पाठवा: "मूल 'येत नाही' म्हणालं की त्या पुढं काय करतात ते तीन वेळा टिपून आण." दहा मिनिटं पुरेत. आणि नंतर ज्यांचा तास बघितला त्यांनी पाच मिनिटं देऊन सांगावं की अमुक उदाहरण का गाळलं, अमक्याला का विचारलं नाही.

जपानमध्ये तर पाठ मिळून आखतात, एकजण घेतो आणि बाकीचे मुलांकडे बघतात. फसला तर आखणी फसली, घेणारी व्यक्ती नाही. नव्या माणसाला यात फार आधार वाटतो. वर्षातून दोनदा जमलं तरी करा. तिथं १९८९ पासून रुजू झालेल्या शिक्षकाला पहिलं वर्षभर प्रशिक्षण सक्तीचं आहे, म्हणजे पहिलं वर्ष शिकण्याचं हे तिथं गृहीतच धरलेलं आहे.

निळी शाई

मनःस्थितीबद्दल थोडक्यात. अमेरिकेत एलन मॉयर यांनी १९९० मध्ये पहिल्या वर्षाचे टप्पे मांडले: उत्सुकता, मग जेमतेम तग धरणं, मग भ्रमनिरास, नंतर उभारी आणि शेवटी मागे वळून बघणं. भ्रमनिरास येतो सहा ते आठ आठवडे सलग काम झाल्यावर. गंमत म्हणजे पहिली परीक्षा, पहिली पालकसभा आणि पहिलं औपचारिक निरीक्षण हे सगळं शाळा नेमकं तेव्हाच ठेवते. फळा-खडू, तुमच्या वार्षिक नियोजनात हे तीन एका पंधरवड्यात पडताहेत का बघा. पडत असतील तर निरीक्षण पुढं ढकला, ते एकच आपल्या हातात असतं. स्नेहसंमेलन, सहल, फलक सजावट असली 'तरुण आहेत, करतील' कामंही त्या काळात नकोत.

लक्षणं: मधल्या सुट्टीत शिक्षक कक्षात न येता वर्गातच बसणं, एकेक दिवसाच्या रजा, वह्यांचे साठलेले गठ्ठे, प्रत्येक तास 'स्वाध्याय करा'वर येणं. विचारताना "ठीक ना?" नको, त्याला "हो" हेच उत्तर येतं. "या आठवड्यातला सगळ्यात जड तास कोणता?" विचारा. मग त्या तासाचा भार लगेच हलका करा: एका आठवड्याचं टाचण मेंटॉरनं द्यावं, एका तुकडीच्या वह्या वाटून घ्याव्यात. झोप उडणं, रोज सकाळी मळमळणं इथपर्यंत गेलं असेल तर ते मेंटॉरचं काम नाही. डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे जायला सांगा आणि रजा मिळवून द्या.

वेळापत्रकवाला

पालकांच्या बाबतीत एक छोटी सूचना. पहिल्या महिन्यात प्रत्येक अवघड मुलाच्या घरी एक चांगला फोन जावा. दोन मिनिटं, एक ठोस गोष्ट, कोणतीही तक्रार न जोडता. पुढं तक्रारीचा फोन करायची वेळ आली तर पलीकडचा माणूस ऐकून घेतो. पहिल्या पालकसभेला मेंटॉरनं शेजारी बसावं, पण बोलणं नव्या शिक्षकानंच करावं. टेबलावर वही आणि हजेरी हवी. 'लक्ष देत नाही' म्हटलं की वाद होतो. 'या महिन्यात दहापैकी सहा गृहपाठ कोरे' म्हटलं की वही उघडली जाते.

फळा-खडू

भरपूर मिळालं. दोन शंका राहिल्या. एक, तीन नव्यांपैकी एकाचा विषय संगीत, शाळेत त्या विषयाचं दुसरं कुणी नाही. दोन, एक बाई दुसऱ्या क्षेत्रातून आल्यात, वयानं मेंटॉरपेक्षा दहा वर्षांनी मोठ्या.

तिसरा बाक

पहिल्याचं: मेंटॉरची दोन कामं सुटी करा. वर्ग कसा चालवायचा, सूचना, नोंदी, पालक हे शाळेतला कुठलाही अनुभवी शिक्षक बघू शकतो. विषयासाठी जवळच्या दुसऱ्या शाळेतला संगीत शिक्षक गाठा, महिन्यातून एकदा एक तास, दोघांच्या मुख्याध्यापकांनी आधी बोलून. मध्ये आवाजाची ध्वनिफीत पाठवून चर्चा होऊ शकते, शिक्षकानं स्वतःच्या सूचनांची फोनवर केलेली. मुलांचे आवाज किंवा चेहरे येणार असतील तर शाळेची आणि पालकांची परवानगी आधी, आणि काम झाल्यावर ती फीत पुसून टाकायची.

ओळखीची घंटा

दुसऱ्याचं: वयाचा प्रश्न सहसा पहिल्या भेटीत सुटतो किंवा कायमचा अडतो. बाईंना कामाचा अनुभव आहे, शाळेचा नाही, हे दोघांनीही मोकळेपणानं म्हणावं. सुरुवात त्यांच्या तासानं करू नका. आधी त्यांनी मेंटॉरचा तास बघावा, वाक्यांची नोंद त्यांनी घ्यावी आणि मेंटॉरनं त्यावर स्वतःचा एक बदल ठरवावा. मग पुढच्या आठवड्यात पाळी त्यांची.

तरी नाही जुळलं तर? जोडी बदलायची सोय आधीच ठेवा. सहाव्या आठवड्यात तिन्ही जोड्यांमधल्या सहाही जणांना एकच प्रश्न, वेगवेगळा, चिठ्ठीवर: हीच जोडी ठेवायची की बदलायची, कारण लिहायची गरज नाही. दोघांपैकी एकानंही 'बदला' लिहिलं तर बदलायचं, आणि कुणाच्या चिठ्ठीमुळे ते सांगायचं नाही. ही चिठ्ठी सगळ्यांकडून घेतली जाणार हे रुजू होण्याच्या दिवशीच जाहीर करा.